शेवाळ बुडवायचं की विकायचं

दिघीच्या खाडीत आम्ही बचत गटाच्या बायकांनी बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ लावलं, तेव्हा गाव पोट धरून हसलं. जन्मभर विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ खरवडलं, आणि आता तेच मुद्दाम लावतायत म्हणे. हसा लेको, म्हटलं. माझ्या धाकट्या जावेला मात्र हे हसणं परवडणारं नव्हतं. पीक विकलं गेलं नाही तर तिला पुन्हा मुंबईला धुणीभांडी करायला जावं लागणार होतं, आणि ती गेली की घरात मला भांडायला माणूस उरणार नव्हतं.

कापणीच्या तोंडावर आम्हाला शेवाळ लावायला शिकवणारा साहेब आला. शेवाळ कार्बन ओढून घेतं, हे त्यानं आधीच डोक्यात भरवलं होतं. आता म्हणाला, कारखान्याला विकलंत तर त्याचा चीक आइस्क्रीम घट्ट करायला घालणार, लोक ते खाणार आणि कार्बन परत हवेत जाणार. कुठून जाणार ते आम्ही विचारलं नाही. "म्हणून अर्धं पीक खोल पाण्यात बुडवा, म्हणजे कार्बन तळाशीच राहील. पुढंमागं त्याचेही पैसे मिळतील."

अहो, आमच्याकडे गणपतीसुद्धा कुणी बुडवत नाही, पोचवतात. बुडवते ती भिशीवाली.

जावेनं पदर खोचला. "अर्धं बुडवलं तर मी चालले मुंबईला. मग तराफे कोन बांधील, तुमचा कार्बन?"

"ताई, पण पृथ्वीचं काय?"

"ती हाय तिथंच हाय. मी न्हाय ऱ्हायची."

साहेबाचंही चूक नव्हतं. वादळानं सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या तेव्हापासून हवा बिघडलीय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. शेवटी मीच मध्ये पडले. कापताना जे तुटून तळाशी जातं, ते आम्ही जाळी लावून गोळा करणार होतो. म्हटलं, जाळी नको, तेवढा दर्याचा नैवेद्य. बाकी सगळं विकायचं. नैवेद्य म्हटल्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. बुडवा म्हणणाऱ्याला मात्र खाडीतच ढकललं असतं.

माल विकला गेला. पुढच्या खेपेला साहेबानं विचारलं, "मग खाली कार्बन किती राहिला?"

"खाली कोन बघायला गेलंय?" जाऊ म्हणाली. "वर मी ऱ्हायले, तेवढं लिवा."

मला रडू फुटलं. डोळ्यात खारं पाणी गेलं, असं तिला सांगितलं. खरं कळलं तर डोक्यावर बसेल.