तोलेदोंचं मूळ गाव

गोविंदराव दप्तरदारांना नवा माणूस भेटला की ते आधी त्याचं आडनाव विचारतात, आणि ते कळलं की लगेच पुढचा प्रश्न, "मूळ कुठले?" ग्वाल्हेरला जयेंद्रगंजातल्या त्यांच्या घरी गॅसचं सिलिंडर आणून देणारा, केबलवाला, बँकेतली नवी मुलगी, यातून कुणीही सुटलेलं नाही. अडतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या टपालात काढली. कुठलं पत्र कुठल्या गावच्या थैलीत जायचं, एवढंच ठरवायचं काम. जगातल्या प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक गाव असतं आणि नीट शोधलं की ते सापडतंच, असा पक्का समज ते नोकरीतून बरोबर घेऊनच निवृत्त झाले.

असा माणूस रिकामा बसणार थोडाच! पुण्याच्या हेमेंद्रनं, म्हणजे नात्यातल्या एका पुतण्यानं, घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायची ठरवली आणि ग्वाल्हेर शाखेचं काम काकांच्या गळ्यात घातलं. मूळ पुरुषापासून परवाच्या बारशापर्यंत प्रत्येकाची नोंद त्या पुस्तकात व्हायची. काकांना हर्ष झाला. पिशवीत छापील फॉर्म घेऊन ते शहराच्या लष्कर भागात घरोघर हिंडू लागले. लोक चहा पाजत, फॉर्म ठेवून घेत आणि विसरून जात. काका आठव्या दिवशी पुन्हा दारात हजर.

आणि याच घरात श्रुतीनं बॉम्ब टाकला. श्रुती म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, सिंगापूरच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत नोकरी करणारी. तिथलाच एक फिजिओथेरपिस्ट तिला आवडला होता. मुलगा फिलिपाइन्सचा, नाव रामिल तोलेदो.

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रामिलनं व्हिडिओ कॉलवर त्यांचा आखडलेला गुडघा बघितला, खुर्चीवर बसल्याबसल्या करायचे तीन व्यायाम सांगितले आणि आठवडाभरात काका जिना धडाधड उतरायला लागले. मग कसली नाराजी! थोरल्या बहिणीनं, दाना ओलीत राहणाऱ्या कुसुमताईंनी, तर पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "मुलगा चांगला आहे, हसरा आहे, आणि नावात राम आहे. अजून काय पाहिजे तुला? लग्न लावून टाक, बस."

काकांना अजून एक गोष्ट हवी होती. कुलवृत्तांतात लेकींसाठी वेगळा भाग होता. प्रत्येक लेकीला एक अख्खं पान, त्यावर जावयाचं घराणं, मूळ गाव, मूळ पुरुष, मुलंबाळं. हेमेंद्रचा नियम कडक होता: मूळ गाव आणि मूळ पुरुष यांपैकी एक जरी लागत नसेल, तर पान नाही. नुसती एक ओळ.

ती एक ओळ कशी दिसते हे काकांना ठाऊक होतं. पहिल्या आवृत्तीत कुसुमताईंची नोंद तशीच होती. "कुसुम. विवाह परजातीत." संपलं. ताईंनी श्रीवास्तवांशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. यातलं एक अक्षर नाही. पुस्तक आलं त्या दिवशी ताई हसल्या होत्या. "छान आहे की. पाठ करायला सोपी आहे." पण त्यानंतर ते पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं नाही, आणि त्या वेळच्या संपादकांना आपण एक शब्दही बोललो नाही हे काका विसरले नव्हते. श्रुतीची एक ओळ होऊ द्यायची नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं.

तेव्हा तोलेदोंचं मूळ गाव शोधणं भाग होतं, आणि ते तर पहिल्याच झटक्यात सापडलं! तोलेदो नावाचं शहर स्पेनमध्ये आहेच. डोंगरावर, तीन बाजूंनी नदी, माथ्यावर किल्ला. काकांनी फोटो बघितले आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासर-माहेर दोन्ही किल्ल्यांच्या पायथ्याशी! नगरचे नगरकर, सातारचे सातारकर, तसे तोलेदोचे तोलेदो, यात शंकेला जागाच कुठे होती?

पुढचा महिना काका संगणकासमोर बसून होते. भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि जिथे जिथे तोलेदो आडनावाची माणसं सापडतील तिथे टाचणी. स्पेनमध्ये टोचल्या, मेक्सिकोत टोचल्या, ग्वाटेमालात, ब्राझीलमध्ये, अमेरिकेत. फिलिपाइन्सच्या बेटांवर तर इतक्या झाल्या की खालचा समुद्र दिसेना. काकांनी याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. मराठे जसे महाराष्ट्रातून निघून ग्वाल्हेर, इंदूर, तंजावरपर्यंत पसरले, तसेच हे लोक तोलेदोहून निघून जहाजांत बसून जगभर गेले. रामिलचे पूर्वज नक्कीच कुणी सरदार असणार. निदान कारकून तरी.

"बाबा, रामिलला स्वतःलाच माहीत नाहीये," श्रुती फोनवर म्हणाली. "आप रहने दो ना, प्लीज."

"त्याला नसेल माहीत. म्हणून तर मी शोधून राहिलोय."

हेमेंद्र खूष झाला. "काका, स्पेन! आपल्या पुस्तकात पहिल्यांदाच युरोप येतोय. मूळ पुरुष तिथल्या कागदांत सापडेलच. पान पक्कं." आणि काकांनी त्या भरात लग्नाच्या दोनशे पत्रिका छापून घेतल्या. वराच्या नावाखाली रीतीप्रमाणे ओळ घातली: मूळ गाव तोलेदो, स्पेन. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या घराघरांत त्यांनी स्वतः जाऊन पत्रिका दिल्या आणि प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर किल्ला दाखवला. लोक कौतुकानं बघत, "आपल्या किल्ल्याहून जरा छोटा आहे," असं म्हणत, आणि काका उदारपणे मान्य करत.

पत्रिका रामिलच्या घरीही गेली, फोटो काढून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉल आला. त्या वेळी कुसुमताईही इकडेच होत्या, निमंत्रणाची यादी तपासत. पडद्यावर श्रुती-रामिल, आणि दुसऱ्या चौकोनात त्याची ब्याऐंशी वर्षांची आजी, इलोइलोजवळच्या समुद्रकाठच्या आपल्या घराच्या ओसरीवर बसलेली. रामिलनं त्या मराठी ओळीचा अर्थ तिला आधीच सांगितला असावा, कारण आजी हसत होती. असलं हसू की तोंडावर पदर धरायला पदर नव्हता म्हणून तिनं हातातला पंखाच धरला.

रामिल तिचं बोलणं इंग्रजीत सांगत होता आणि श्रुती ते मराठीत. आजी म्हणत होती, आमच्यातला कुणी स्पेनला कधी गेलेला नाही आणि तिथून कुणी आलेलंही नाही. आम्ही इथलेच, तिग्बावानचे, मासे मारणारे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांना आडनावंच नव्हती, त्यामुळे सरकारला खानेसुमारी जमेना, पट्टी वसूल होईना. तेव्हा स्पॅनिश गव्हर्नरनं आडनावांचं एक जाडं पुस्तक करून सगळीकडे धाडलं. त्यातली पानं गावागावांना वाटून दिली. आमच्या वाट्याला ट-त ची पानं आली. घरटी एक आडनाव. म्हणून आमच्या गावात आजही बघावं तो त-वाला. आमच्या पणज्याच्या बापाला तोलेदो आलं, शेजाऱ्याला दुसरं काहीतरी आलं.

"आणि त्याच्या आधी काय म्हणत तुम्हाला?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

आजीनं खांदे उडवले. ते कुणाला ठाऊक! कागदावर नव्हतं, म्हणून गेलं.

कॉल संपला. कुसुमताईंनी आधी डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं. मग भावाचा चेहरा बघितला आणि यादी पुढ्यात ओढली. काका भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. त्या शेकडो टाचण्यांपैकी फिलिपाइन्सवरच्या निदान बऱ्याचशा कुणा माणसाच्या प्रवासाच्या नव्हत्या, एका सरकारी पुस्तकाच्या होत्या. अडतीस वर्षं ज्यानं पत्ते लावले त्याला एवढं उमगू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"आता काय करणार?" ताईंनी विचारलं.

"पत्रिका वाटून झाल्या. त्यांचं काय, घरोघर जाऊन सांगेन. पण पुस्तक..." काका थांबले. "मूळ गाव स्पेन राहू दिलं, मूळ पुरुष म्हणून एखादा सरदार घातला, तर कोण बघणार आहे? हेमेंद्र खूष आहे. खरं सांगितलं तर मूळ आडनाव माहीत नाही, मूळ पुरुष माहीत नाही. मग श्रुतीची एक ओळ."

यादीतल्या एका नावापुढे ताईंनी उगीचच दुसऱ्यांदा खूण केली.

काकांना ती खूण पुरली. खोट्या पानापेक्षा खरी ओळ बरी असंही त्यांना वाटेना, आणि हिच्यासमोर खोटं पान लिहायचीही छाती होईना. त्यांनी कुलवृत्तांताची तपासणीसाठी आलेली प्रत समोर ओढली, नियम नेमका काय लिहिलाय तो बघायला. नियम दुसऱ्या पानावर होता. पहिल्या पानावर घराण्याचा इतिहास होता, आणि तो त्यांनी इतक्या वेळा वाचला होता की हल्ली वाचतच नसत. आज वाचला. वाचता वाचता ते ताठ बसले आणि त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला.

"हेमेंद्र, तोलेदो स्पेनचे नाहीत. माझी चूक झाली. आडनाव त्यांना सरकारनं दिलंय. आधीचं काय होतं, माहीत नाही."

"अरेरे," हेमेंद्र म्हणाला. "काका, मग नियमाप्रमाणे..."

"नियमाप्रमाणेच बोलतोय. पहिलं पान उघड. मी वाचतो. 'रघोपंतांस सरकारातून दप्तराचें काम सांगितलें, तेव्हांपासून दप्तरदार म्हणों लागले. पूर्वीचें आडनांव व गांव ज्ञात नाहीं.' हे तूच छापतोयस ना?"

काकांनी प्रत टेबलावर ठेवली.

"रघोपंताच्या आधीचा बाप माहीत नाही, गाव माहीत नाही. सरकारनं नाव दिलं तिथून आपण मोजायला सुरुवात केली आणि त्यालाच मूळ पुरुष म्हटलं. मग तिग्बावानच्या त्या कोळ्यानं काय घोडं मारलं? त्याला नाही म्हणायचं असेल तर आपलीही चारशे बारा पानं काढ आणि एक ओळ छाप. 'दप्तरदार. सरकारी.' बस!"

हेमेंद्र हसायला लागला. माणूस मुळात वाईट नव्हता, नियम करणाऱ्यांना नियम मोडायचं निमित्त मिळत नाही एवढंच. शेवटी म्हणाला, "काका, हरलो. मूळ गाव तिग्बावान, मूळ पुरुष ज्याला पहिल्यांदा तोलेदो म्हटलं तो. असं लिहितो. आजींचं नावही पाठवा." आणि जरा थांबून, "हा नियम असा मोडायचाच असेल, तर एकट्या श्रुतीसाठी नको मोडायला. तुमच्या शाखेत अजून कुणाची पानं राहिली असतील तर शुक्रवारपर्यंत पाठवा. छापखाना त्यानंतर थांबणार नाही."

काकांनी फोन ठेवला. ताई पर्समधून किल्ल्या काढून निघायच्या तयारीत होत्या. सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवण्यात त्यांना कधीच यश आलेलं नाही.

काकांनी पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यांना बरंच बोलायचं होतं. इतक्या वर्षांपूर्वी जे बोलायला हवं होतं ते सगळं. तोंडातून एवढंच आलं, "ताई, मी तेव्हा भांडायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"चल, काहीतरीच. आता कशाला माझं?" ताई म्हणाल्या. "सत्तरी उलटून गेली. श्रीवास्तवांना कुठे मराठी वाचता येतं?"

"हिंदीत पण लिहू. तू सांग, मी लिहितो."

ताई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी किल्ल्या परत पर्समध्ये टाकल्या, खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि फॉर्म स्वतःकडे फिरवून घेतला. गणिताच्या बाईंनी उत्तरपत्रिका तपासावी तसा तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"पेन दे. तुझं अक्षर कुणाला लागत नाही." त्यांनी पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, कुसुम श्रीवास्तव, पूर्वाश्रमीची दप्तरदार, आणि थोडा वेळ त्याकडे बघत राहिल्या. मग नाक ओढून, शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाल्या, "मुलांच्या पुढे नातवंडं पण लिहायची?"

"सगळी लिहायची, ताई."

"मग अजून एक फॉर्म काढ. एकात मावून नाही राहिले माझे."