माठाच्या वाफ्यातला धोतरा

पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आई-बाबा पांढुर्ण्याला दोघंच राहत. घरामागे चार वाफ्यांची बाग होती. बाबा सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यावर ती त्यांनीच केली, आणि निंदणही तेच करत. त्या वर्षी गुडघे त्यांना खाली बसू देत नव्हते. कुंपणाला लागून गाजरगवत कमरेएवढं झालं होतं आणि वाफ्यात काय उगवतं आहे ते कुणी बघत नव्हतं.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. एकदा परीक्षा होत्या, एकदा प्रवेश.

श्रावणातल्या एका शनिवारी शाळा सुटता सुटता तिचा फोन आला.

"तुझे बाबा कसे तं करून राहिले. हवेतून धागे वेचून राहिले. तू ये बरं."

"ताप आहे का?"

"आंग तापलं हाये, पण घाम नाई. तोंड लाल झालं. मले म्हनते, बाई, तुम्ही कोन?"

शेजाऱ्यांना सांगून बाबांना दवाखान्यात हलवायला लावलं आणि मी बस पकडली. वाटभर मला वाटत होतं, मेंदूत काही झालं असणार.

बाबांचे हात पलंगाला पट्ट्यांनी बांधले होते. बोटं तरीही चालूच होती, चादरीवरून नसलेलं काहीतरी उचलत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या पसरल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते. मला बघून त्यांनी घाबरून मान फिरवली.

"सकाळपासून काय खाल्लं?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"पोळी, वरन आन् माठाची भाजी. घरचीच. मीच तोडली."

"तुम्ही खाल्ली?"

"माहा शनिवारचा उपास असते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "घरी भाजीचा कचरा पडला असेल तर पिशवीत घालून आणा. उघड्या हातानं धरू नका."

स्वयंपाकघरात कागदावर देठं तशीच पडली होती. माठाच्या लालसर देठांमध्ये काही जाड, फिकट देठं होती. एकदोन पानं शाबूत होती. कडा वेड्यावाकड्या, आणि देठाजवळ पानाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, एक वर, एक खाली. मागे जाऊन पाहिलं तर माठातच सहासात कोवळी रोपं होती. कुंपणाशी त्यांची मोठी बहीण उभी होती, पांढऱ्या भोंग्यासारखं फूल आणि काटेरी बोंडं घेऊन. उन्हाळ्यापासून प्रत्येक खेपेला मी तिच्याजवळून गेले होते.

"धोतरा," डॉक्टर पिशवी बघताच म्हणाले.

पोट धुतलं, लघवीला नळी लावली, आणि रुग्णवाहिकेतून आम्ही नागपूरला गेलो. चौथ्या दिवशी बाबांनी मला ओळखलं. मधल्या दिवसांतलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. आईला सगळं आठवत होतं.

घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बाग काढायला घेतली. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडाला फडकं. आधी बोंडं पिशवीत कापून घेतली, म्हणजे बी सांडणार नाही. मग माती भिजवून एकेक झाड मुळासकट उपटलं. माठही सगळा उपटला, निवडत बसले नाही. गाजरगवत फुलं झडायच्या आत काढलं. जाळलं काहीच नाही, धोतऱ्याचा धूरही बाधतो. खतात टाकलं नाही. पोत्यात बांधून, गुरं उकरणार नाहीत एवढ्या खोल खड्ड्यात पुरलं.

आई पायरीवर बसून ऐकत होती. "मले दे एक पान," ती म्हणाली.

"कशाला?"

"वास घेतो."

मी चुरडलेलं पान मोज्यातच धरून तिच्या नाकाजवळ नेलं.

"हा वास आला होता मले त्या दिवशी. निवडतानाच. वाटलं, पावसानं भाजी सडली असन थोडी. दोनदा पान्यानं धुतली आन् टाकली कढईत."

"आई, तुला दिसत नव्हतं. ऑपरेशन मी पुढे ढकललं."

"दिसत नोतं," ती म्हणाली. "वास तं येत होता ना."

मी मोजे काढून साबणानं हात धुतले, विळा धुतला, कपडे वेगळे भिजवले. ती तिथेच बसून राहिली.

दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बागेत ती पुन्हा गेली नाही. भाजी बाजारातून येते, आणि ती माझ्याकडून किंवा शेजारणीकडून निवडून घेते. मातीत पडलेलं बी मात्र संपलेलं नाही. पाऊस झाला की मी सौंसरहून येते आणि दोन पानांवर असतानाच रोपं उपटते.

बाबा तब्येतीनं बरे आहेत. त्यांना अजूनही काही आठवत नाही. पण ताटात पालेभाजी आली की ते बोलता बोलता बोटानं ती पसरतात, एखादं पान उचलून उजेडाकडे धरतात, मग खातात. आपण असं करतो हे त्यांना ठाऊक नाही. आई समोर बसलेली असते, आणि आता तिला स्वच्छ दिसतं.