बडग्याचं माप

माझ्या वहिनीच्या मामांनी नागपुरातल्या चळवळीचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं पोलिसांनी, पुढाऱ्यांनी आणि उन्हाळ्याने मिळूनही केलेलं नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागाच्या भरात लिहिलेलं वेगळं आहे. ते चार पानी आहे, सायक्लोस्टाइल करून तयार आहे, आणि वाटलं नाही ते एवढ्याचसाठी की मामांच्या हाती लागलं असतं तर त्यांनी त्याच्या कॉलरी कापल्या असत्या. अतिशयोक्ती नाही. माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक मी त्यांच्या शिलाईच्या दुकानात नेऊन दिलं तेव्हा त्यांनी आपण होऊन पन्नास प्रती मागून घेतल्या. मी भारावलो. कष्टकरी माणूस जागा होतो आहे असं त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत बोललोसुद्धा. दुसऱ्या दिवशी पाहतो तर 'नागरिकांनो, विचार करा' या मथळ्यावर खडूने रेघ मारून मामा कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर बेतत होते. वर मलाच म्हणाले, "कागद चांगला हाय गा तुह्या. मोडत नाही. अजून काढशीन तं इकडेच आणजो."

मामांचं दुकान महाल भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि गळ्यात टेप अडकवलेले मामा. माणसाचं नाव, गाव, पक्ष, जात यांतलं काही त्यांच्या लक्षात राहत नाही. माप तेवढं राहतं. "तो कोण गा, अडतीस छातीवाला, कर्जतचा नाही, कारंज्याचा?" असं विचारतात आणि तो माणूस कारंज्याचाही नसतो, पण छाती मात्र अडतीसच निघते. बेलबॉटम शिवायला आलेल्या पोरांना ते दारातूनच परत पाठवत, कारण जमीन झाडायला त्यांच्याकडे केरसुणी होती. माझ्या भावाच्या लग्नात मांडवात उभ्या असलेल्या व्याह्यांच्या कोटाची बाही त्यांनी अक्षता पडण्याआधी उसवून घेतली होती, कारण ती त्यांना बघवेना. लग्न पंधरा मिनिटं थांबलं. व्याही एका बाहीने उभे.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण हा गृहस्थ आमच्या गल्लीच्या बडग्या मंडळाचा कर्ताधर्ता होता, आणि तिथे प्रश्न सार्वजनिक होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या दोन बायांचे पुतळे, मिरवणुकीने निघतात, आणि त्यांच्यामागून गल्लोगल्लीच्या मंडळांचे बडगे. वर्षभरात ज्याने लोकांना छळलं त्याचा बांबूचा, तणसाचा, कागदाचा पुतळा करायचा, गाडीवर चढवायचा, गावभर शिव्या खाऊ घालायच्या आणि शेवटी जाळायचा. याहून उत्तम लोकशिक्षण मला माहीत नाही. बाकीची मंडळं एका दुपारी पोत्यात तणस कोंबून, वर मडकं ठेवून मोकळी होतात. आमच्या मंडळात ते चालायचं नाही. मामांचा नियम होता, मापाशिवाय बडग्या नाही. आणि माप कुणाचं? ज्याला जाळायचं त्याचं!

आमच्या गल्लीत नळ नव्हता. बायकांना पहाटे शेजारच्या गल्लीत रांग लावावी लागे आणि तिथल्या बायकांची बोलणी खाऊन हंडे आणावे लागत. तीन निवडणुकांत नळ देतो म्हणणारे आमचे नगरसेवक चौथ्या वेळीही तेच म्हणून निवडून आले, तेव्हा मी हा प्रश्न हाती घेतला. सहा महिन्यांत तीन पत्रकं काढली. नगरसेवकांची भेट मागितली; ते कधी झोपलेले असत, कधी पूजेत, कधी मुंबईत. वहिनी रोज हंडा टेकवताना टोमणा मारायची, "भाऊजी, हंड्यात पत्रकं भरून आणू काय? तेवढी तं आपल्या घरी मुबलक हाये." शेवटी ठरलं, यंदाचा बडग्या नगरसेवकांचा. मी अठरा ओळींचा फलक लिहायला बसलो. आणि पोळा पंधरा दिवसांवर असताना मला कळलं की मामा टेप घेऊन नगरसेवकांच्या घरी जाऊन आले.

मी दुकानात गेलो तो ओरडतच. "मामा, तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात?"

"मंग? माप का पोष्टानं येते?"

"कशासाठी माप घेताय ते सांगितलंत?"

"खोटं काहून बोलू? म्हटलं, साहेब, यंदा तुमचा बडग्या हाये, हात वर करा."

"आणि ते?"

"पहिले लाल झाला. मंग आरशात पाह्यलं. मंग म्हणे, पोट जरासं कमी दाखवजा." मामांनी सुई दातांत धरली. "मी म्हटलं ते नाही होत."

शत्रूला आगाऊ वर्दी देणारं आंदोलन जगात एवढं एकच झालं असेल. मी त्यांना सांगितलं की ही गद्दारी आहे. ते म्हणाले, तसं असेल, पण येत्या बुधवारी ट्रायल आहे. ट्रायल! जाळायच्या पुतळ्याच्या जाकिटाची ट्रायल! आत अस्तरही लावलं होतं. "जळणारच आहे तर अस्तर कशाला, मामा?" विचारलं तर म्हणाले, "जळतानी लोकं पाहतेत ना गा. बेअब्रू त्याची हाये, माही नाही."

बुधवारच्या ट्रायलहून मामा दोन तासांनी परतले. मी पारावर बसून होतो. म्हटलं, इतका वेळ? तर म्हणाले, नळाचं सांगत होतो. तुह्या वहिनीचं सांगतलं, रांगेतल्या भांडणाचं सांगतलं, पाय घसरून कोणाचा हंडा फुटला ते सांगतलं. मी विचारलं, त्यांनी ऐकून घेतलं? ज्या माणसाने सहा महिन्यांत मला पाच मिनिटं दिली नाहीत त्याने? मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "कच्च्या शिलाईचं जाकीट अंगात, वरतून चाळीस टाचण्या. जाईन कोठी तो?"

मारबतीच्या दिवशी माझा अठरा ओळींचा फलक मामांनी गाडीखाली घडी करून ठेवला. "चालत्या मिरवणुकीत कोण वाचते गा? लोकं का वाचनालयात आले?" त्याऐवजी बडग्याच्या हातात एक रिकामा हंडा उपडा टांगला, बस्स. पण बडग्या! खोटं कशाला सांगू, तसा पुतळा मी पाहिला नाही. पोट तेच, जाकीट तेच, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरलेला. चौकात महापालिकेच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने त्याला वाकून नमस्कार केला आणि बदलीचं सांगायला सुरुवात केली. नगरसेवक स्वतः एका दुकानाच्या ओट्यावर हार घेऊन हसत उभे होते, खिलाडूपणा दाखवायला. बायका ओरडत होत्या, "कोरडा हंडा घेऊन जा गे मारबत!" आणि सगळ्यांत मोठा आवाज वहिनीचा. गाडी ओट्यासमोर आली. नगरसेवकांचं लक्ष त्या उतरलेल्या खांद्याकडे गेलं, आणि मी पाहिलं, त्यांनी हळूच आपला खांदा वर केला. हार त्यांच्या हातातच राहिला.

दसऱ्यानंतर गल्लीत नळ आला. मी 'जनशक्तीचा विजय' हे पत्रक काढलं. मामांनी त्यातून कफ कापले.

पाणी संक्रांतीपर्यंत आलं. मग नळातून नुसती हवा फुसफुसायला लागली आणि हंडे परत शेजारच्या गल्लीत गेले. आता अडचण पाणी खात्याच्या साहेबांकडे होती, 'दाब नाही' एवढं एकच वाक्य लिहून ते आमचे अर्ज परत पाठवत. मी त्यांच्यावर चार पत्रकं काढली आणि कचेरीच्या दारात तीन मोर्चे नेले. साहेब खिडकीतसुद्धा आले नाहीत. मामा तोवर नागपुरात राहिले नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोरा सुईत जाईना, तेव्हा लेक त्यांना कन्हानला घेऊन गेली. दुकानाला कुलूप लागलं. मला वाटलं, आता तरी बडग्या वेळेवर आणि तत्त्वाने होईल. तणस आणलं, पोतं आणलं, अन् मंडळाची पोरं म्हणाली की मामांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. म्हणून गेल्या आठवड्यात, केवळ संघटनेची शिस्त म्हणून, मी कन्हानच्या बसमध्ये बसलो.

मामा ओसरीवर खाटेवर बसले होते. टेप गळ्यात होतीच. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, म्हणजे मी भांडत आलो होतो यावरून.

"यंदा कोणाचा गा?"

"पाणी खात्याच्या साहेबांचा."

"जाडा का बारीक?"

"मामा, प्रश्न तो नाही. प्रश्न नियोजनाचा आहे."

"नियोजनाची छाती किती?"

मामांनीच पुढे विचारलं, "चष्मा हाये? चालते कसा?"

"मी त्यांना अजून पाहिलेलं नाही," मी म्हणालो.

"चार पत्रकं काढले म्हणत होता."

"काढली."

"मंग इतके दिवस तू भांडून कोणासंग राहिला गा?"

हे ते टोचून बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडे भरपूर असतात. पण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दिसत नसलेले डोळे माझ्या दिशेला लावून ते वाट पाहत बसले. लेकीने चहा आणला तेव्हा कुठे सुटलो.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत एकटाच गेलो. मोर्चा नाही म्हणून शिपायाने अडवलंही नाही. साहेब बारीक निघाले. टेबलाजवळ घरून आणलेली पाण्याची सुरई, कारण पाणी खात्याच्या कचेरीतला नळ कोरडा होता. त्यांनी अर्ज मागितला नाही, आधी पेला भरून माझ्यापुढे सरकवला. मी पाणी प्यालो. निषेध म्हणून नाही प्यायला पाहिजे होतं, हे नंतर सुचलं. मग त्यांनी नकाशा काढून कुठली पाइप कुठे फुटली आहे ते दाखवलं, आणि बदलायची मंजुरी वरून येत नाही हे सांगताना आवाज इतका खाली नेला की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. तरीही दोष त्यांचा आहे. इतके महिने गप्प बसणं हा दोषच आहे, आणि बडग्या त्यांचाच निघणार.

मी मामांना कार्ड टाकलं. "बारीक. उंची माझ्याएवढी. चष्मा जाड, एका बाजूने दोऱ्याने बांधलेला. बोलताना मान डावीकडे. वरच्यांना घाबरतो." पाचव्या दिवशी लेकीचं उत्तर आलं. लिहिलं होतं, "बाबांनी कार्ड तीनदा वाचायला लावलं. फार खूश झाले, शेजारच्यांनाही ऐकवलं. पण विचारतात की छाती आणि कमर काहून नाही लिहिली?"

पोळा आठ दिवसांवर आला आहे. वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली टेप मी खिशात घेऊन फिरतो. काल कचेरीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्याच दारात मी तीनदा गळा फुटेस्तोवर ओरडलो आहे, तेव्हा पाय अडले नाहीत. पण कमर मोजायची म्हणजे टेप माणसाच्या मागून फिरवावी लागते, दोन्ही हात त्याच्याभोवती न्यावे लागतात, आणि आपलं तोंड त्याच्या सदऱ्याशी येतं. इतक्या जवळून घोषणा देता येत नाही. मामा जन्मभर हे कसं करत आले, कोण जाणे. उद्या सकाळी परत जाणार आहे.