फुलदाणीजवळ ये

शर्वरीताई नसत्या, तर सिंगापूरला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी परत गेले असते. हे आधी सांगते, कारण पुढचं मला नीट सांगता येईल की नाही, कुणास ठाऊक. मी कराडकडची, नववीत शाळा सुटलेली. इथे ईस्ट कोस्टला एका पुण्याच्या कुटुंबाकडे घरकाम करते. ताई त्यांच्याच फ्लॅटमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या, युनिव्हर्सिटीत जुन्या सिनेमांवर संशोधन करायच्या. दीड महिन्यापूर्वी सकाळी मी कणीक मळत होते. त्या घरच्या वहिनी हॉस्पिटलमधून आल्या, ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "शर्वरी गेली गं." मेंदूत रक्तस्राव. मी मळतच राहिले... पोळ्या चिवट झाल्या.

ताईंचा एक लाडका सिनेमा होता. जर्मन, काळा-पांढरा, सिनेमा नुकता बोलायला लागला तेव्हाचा. त्यात माणसं भांडता भांडता मध्येच गायला लागतात. आणि बोलायचं असलं की सगळे टेबलावरच्या फुलदाणीजवळ येतात. का, तर माइक तिच्यात लपवलेला! "लांबून बोललं तर ऐकूच जायचं नाही," ताई म्हणाल्या. तेव्हापासून मी घाबरून तोंडातल्या तोंडात बोलले की त्या ओरडायच्या, "ए, फुलदाणीजवळ ये!"

सिनेमा लावताना खालची इंग्लिश अक्षरं त्या बंद करायच्या. "काय म्हणाली गं ती?" मला वाटायचं, त्यांनाही कळत नाही. मग मी ठोकून द्यायचे, "भाजी खारट झालीय म्हणते, पण गुमान खा." ताई पोट धरून हसायच्या. "अगदी बरोबर!" एकदा त्यातली मुलगी पियानोला टेकून हळूच गात होती. मी म्हटलं, "म्हणतेय, मला इथं करमत नाही, पण घरी कळवू नका."

ताई हसल्या नाहीत. "बरोबर," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी वहिनींशी बोलून त्यांनी मला अख्खी सुट्टी मिळवून दिली आणि होडीतून पुलाउ उबीन बेटावर नेलं. तिथल्या जुन्या लाकडी घरापुढे कोंबड्या फिरत होत्या. त्या बघून मला रडूच कोसळलं. ताईंनी मला आईला फोन लावायला लावला. मी नेहमीसारखं "मजेत आहे" म्हणायला लागले, तर शेजारून हळूच आवाज आला, "फुलदाणीजवळ..." त्या दिवशी आईला मी पहिल्यांदा खरं सांगितलं. त्यानंतर इथं राहणं जमायला लागलं.

परवा ताईंचं सामान भरताना मी वहिनींना म्हटलं, "दोघींनाही जर्मन येत नव्हतं, तरी किती हसायचो आम्ही." वहिनी बघतच राहिल्या.

"अगं, जर्मन शिकवायची ती! अख्खा सिनेमा पाठ होता तिला."

त्यांनी ते गाणं लावून अक्षरं वाचून दाखवली. ती मुलगी म्हणत होती, वसंत आलाय, खिडक्या उघडा. करमत नाही वगैरे कुठेच नाही. मग ताई "बरोबर" कशाला म्हणाल्या? माझी फिरकी घेत होत्या का? कधी वाटतं, हो. मग कोंबड्या आठवतात आणि वाटतं, ताई गाणं ऐकतच नव्हत्या, माझं ऐकत होत्या. पण नक्की काय, हे आता कुणाला विचारू?

ताईंच्या टेबलावर पेनं ठेवायची एक टवका उडालेली फुलदाणी होती. वहिनींनी ती मला दिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीय. ताई, मी जर्मन शिकणार आहे. वहिनी म्हणतात, आधी दहावी कर. करेन. वेळ लागेल. पण एक दिवस तो सिनेमा अक्षरांशिवाय लावेन आणि ते गाणं आलं की फुलदाणीजवळ उभी राहून तुम्हाला सांगेन, ती काय म्हणते, आणि मी काय म्हणत होते... ऐकू जाईल असं.