बेटावरच्या पायऱ्या आणि इरिनीची ताटली

बायपासनंतर श्रीकांत आमच्या वेस्ट विंडसरच्या घरात खुर्चीलाच चिकटला. डॉक्टर म्हणत, चाला. हा छातीवर हात ठेवून बसून. मी स्वतः निवृत्त डॉक्टर, पण बायकोचं ऐकतो कोण! हा असाच बसून राहणार, या भीतीने मला झोप लागेना. शेवटी लेकीने, गौरीने, परस्पर तिकिटं काढली. ग्रीसचं एक चिमुकलं बेट.

बोटीतून ते दिसलं, तेव्हा वाटलं, निळ्या ताटात कुणी दहीभाताची मूद वाढून ठेवलीय.

जाणार असाल तर सप्टेंबर सरताना जा. गर्दी ओसरलेली असते, पाणी अजून कोमट असतं. चाकांची बॅग मात्र नेऊ नका, कारण सगळं गाव पायऱ्यांचं. घरमालकीण इरिनी खाली राहायची, आमची खोली पार वर. श्रीकांत बसत-उठत कसाबसा पोचला आणि म्हणाला, "आता मी खाली उतरणार नाही. तू फिर, यार."

दुपारी अख्खं बेट झोपतं, म्हणून पाव-पाणी सकाळीच आणून ठेवावं. त्या झोपलेल्या पांढऱ्या गल्ल्यांतून मी एकटीच तरंगल्यासारखी हिंडायचे. हवेला ओव्यासारखा वास यायचा. इतकं सुंदर सगळं, आणि हा खोलीत! रागाने डोळे भरून यायचे.

एका सकाळी इरिनीने ताटलीभर अंजिरं आणून दिली. ती संपल्यावर मी ताटली परत द्यायला निघाले.

"अगं, रिकामी ताटली परत देतात का?" श्रीकांत ओरडला. घरून आणलेले शंकरपाळे त्याने स्वतः भरले.

"तूच दे. माझे गुडघे दुखतायत," मी साफ खोटं बोलले.

गेला बिचारा, भिंत धरून. खालून इरिनीचा आवाज आला, "सिगा, सिगा!" (सावकाश, सावकाश!)

तिच्याकडेही तीच रीत असावी. दुसऱ्या दिवशी ताटली चीज घेऊन आली. आमच्याकडून चिवडा गेला, तिच्याकडून ऑलिव्ह आले. श्रीकांत रोज उतरत होता, चढत होता. एका संध्याकाळी तर तो थेट समुद्रापर्यंत गेला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

वारा सुटला की बोट रद्द होते. परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवा. आम्ही ठेवला होता, म्हणून निभावलं.

नेवार्कला विमानाच्या दाराशी गौरीने सांगून ठेवलेली व्हीलचेअर उभी होती. "थँक्यू, आय विल वॉक," म्हणून श्रीकांत चालायला लागला. प्रवासाने हृदय बरं होत नाही, हे मला डॉक्टर म्हणून पक्कं ठाऊक आहे. पण त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये त्याला गाठायला मला धावावं लागलं, आणि धावता धावता मी रडत होते.