कॉफीवरचा फेस

रागिणी माईणकर स्वयंपाकघरात कधी हार मानणारी बाई नव्हती. नवऱ्याच्या बदल्यांमागून देशभर फिरताना तिने जोरहाटच्या ओल्या हवेत कुरडया वाळवल्या, भोपाळच्या जड पाण्यात तूरडाळ मऊ शिजवून दाखवली आणि चंडीगडला आल्यावर शेजारच्या कौरबाईंकडून पुरणपोळी लाटून घेतली. तिचा नवरा गुरुनाथ सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत भांडार अधिकारी. बायकोने मनावर घेतलं तर ती दगडालाही वाफ आणील, असं तो ऑफिसात कौतुकाने सांगायचा, आणि ते तिच्या कानावर आलं की ती चार दिवस हवेत असायची.

म्हणूनच, रक्तदाबाने गुपचूप गुरुनाथची दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसची पाळी आली, तेव्हा तिने त्या दुखण्यालाही एखाद्या अवघड पदार्थासारखंच अंगावर घेतलं. रडणंबिडणं एका दुपारीत आटोपलं. तपासण्या झाल्या, तिचं मूत्रपिंड त्याला जुळत होतं. ती तर उद्याच टेबलावर आडवी व्हायला तयार होती.

पण डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. एक, रक्तातलं प्रोटीन वाढलं पाहिजे. दोन, अंगात पाणी साठता कामा नये, कारण त्या पाण्याने हृदय थकत चाललं होतं. लघवी जवळजवळ बंदच झालेली. पोटात जाईल ते पाणी डायलिसिसच्या दिवसापर्यंत अंगातच राहायचं. जूनच्या मध्यावर हृदयाची तपासणी करू, ठीक निघालं तर ऑपरेशनची तारीख देऊ, असं त्यांनी सांगितलं. दिवसाला जेमतेम पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट. तेही चंडीगडच्या उन्हाळ्यात, जिथे मे महिन्यात दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते.

प्रोटीनसाठी आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याचा पांढरा भाग सांगितला. गुरुनाथने आठवडाभर उकडलेली अंडी निमूटपणे खाल्ली. मग एके दिवशी ताटली पुढे सरकवून म्हणाला, की खोडरबर खाऊन पोट भरायचं वय राहिलं नाही आता. त्यानंतर उकडलेलं अंडं नुसतं दिसलं तरी त्याला मळमळायचं.

तोड काढली मुलीने. मधुरिमा आयटी पार्कमध्ये नोकरीला. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडते. तिने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. "मम्मी, ये देखो. प्रोटीन फोम. जिमवाले सब आइस कॉफी पे यही डालते हैं." पडद्यावर एक मुलगी उंच ग्लासातल्या काळ्या कॉफीवर ढगासारखा फेस ओतत होती. रागिणी बघतच राहिली. फेस म्हणजे काय, तर हवा. ग्लास भरलेला दिसेल आणि पाणी मात्र तळाशी दोन घोट. शिवाय फेसातून प्रोटीन जाईल ते वेगळंच. एका दगडात दोन पक्षी, आणि त्यात नवऱ्याला कॉफीची आवड. तिला वाटलं, देवानेच हे पाठवलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी जिमच्या पावडरला हात लावू दिला नाही, पण मूत्रपिंडाच्या रुग्णांची पावडर चमचाभर आणि अंड्याचा पांढरा भाग चालेल म्हणाल्या. मग सुरू झाला प्रयोगांचा सपाटा. मधुरिमाने सेलवर फिरणारी चिमुकली रवी आणून दिली. पहिल्या दिवशी कोरडी पावडर घातली तर गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी फेस उभा राहिला, पण कच्च्या अंड्याचा वास असा सुटला की मधुरिमा नाक धरून बाहेर गेली. मग रागिणी अंडं गॅसवर गरम करायला गेली, तर त्याचं ऑम्लेट झालं. शेवटी जमलं. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, वर स्टीलचा वाडगा, त्यात पांढरं आणि साखर. बोटाला सोसवेनासं गरम होईपर्यंत सारखं ढवळायचं, खाली उतरवून घुसळायचं, पावडर आधी चमचाभर गार कॉफीत कालवून मगच त्यात सोडायची. लिंबाचे दोन थेंब. फेस असा घट्ट व्हायचा की चमचा उभा राहावा.

संध्याकाळी गुरुनाथ व्हरांड्यात बसायचा आणि ती तो ग्लास घेऊन यायची. खाली बर्फात ठेवून गार केलेल्या कॉफीचे दोन घोट, वर वीतभर फेस. तो चमच्याने चाटूनपुसून खायचा आणि "वा" म्हणायचा. मिशीला फेस लागायचा तो ती पदराने पुसायची. महिन्याभरात रक्तातलं प्रोटीन थोडं वर सरकलं, तेव्हा तिने महाराष्ट्र मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर फेसाचा फोटो टाकला, कृतीसकट. मिरजेला दिराला फोन करून सांगितलं. बाई अगदी फुलून गेली होती, आणि का फुलू नये? इतक्या महिन्यांत हातात यश असं पहिल्यांदाच पडत होतं.

पण जून उजाडला आणि दोन डायलिसिसच्या मधलं वजन वाढायला लागलं. पायाला सूज यायची. जिना चढताना त्याला धाप लागायची. रागिणीने घरातलं पाणी न् पाणी धुंडाळलं. दही बंद केलं, आमटी बंद केली, भात निथळून कोरडा केला. त्याच्या पाण्याची बाटली खुणा करून ठेवली. तरी वजन वाढतच होतं. मग तिचा संशय कॉफीवर गेला. दोन घोटांचा एक घोट केला आणि ग्लास रिकामा दिसू नये म्हणून वरचा फेस वाढवला. जास्त फेस उभा राहायचा तर साखरही जास्त लागते. तिने ती घातली. घरातल्या प्रत्येक भांड्यावर तिने संशय घेतला, एका नवऱ्यावर सोडून.

रोज सकाळी बाजारातून अंडी आणायचं काम त्यानेच मागून घेतलं होतं, तेवढंच चालणं होतं म्हणून. त्या दिवशी तो अंड्यांचा डबा विसरून गेला. पिशवीतून आणलेली अंडी निम्मी फुटतात, म्हणून ती डबा घेऊन मागोमाग निघाली.

बाजाराच्या कोपऱ्यावर छबील लागली होती. शिखांच्या शहीदी गुरुपुरबाच्या, म्हणजे गुरूंच्या बलिदानाच्या, दिवसांत चंडीगडभर रस्त्यारस्त्यावर अशा छबिली लागतात. पिंपात बर्फ, दूध, पाणी आणि गुलाबाचं सरबत. फेटे बांधलेली माणसं उन्हात उभी राहून जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवतात, गाड्या अडवून खिडकीतून ग्लास देतात. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. देणाऱ्याची ती सेवा असते, आणि नाही म्हणणाऱ्याला इथे कुणी शहाणं समजत नाही. सबंध शहर थंड, गोड पाणी वाटत सुटलं होतं, आणि त्या पिंपापाशी गुरुनाथ उभा होता.

त्याने ग्लास दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा. डोळे मिटून, मध्ये श्वास न घेता त्याने तो संपवला. सेवेकऱ्याने न विचारता पुन्हा भरला. दुसरा त्याने सावकाश घेतला. रस्त्यापलीकडून तिला त्याचा हलणारा गळा दिसत होता. त्याचा चेहरा इतका निवांत झालेला तिने आजार झाल्यापासून पाहिला नव्हता. नुसतं "अहो" म्हणून हाक मारली असती तर पुरे होतं. तिसरा ग्लास भरला जात होता तेव्हा ती पाठ फिरवून घरी आली, आणि डबा ओट्यावर ठेवून तिने अंडी नसतानाच पाणी उकळत ठेवलं. तिला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

तो आला. डबा विसरलो म्हणाला, चार अंडी फुटली. संध्याकाळी तिने फेस केला आणि त्याने "वा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला वजनकाट्यावर उभा राहिला तेव्हा सिस्टर कपाळाला हात लावून हिंदीत ओरडल्या. इतकं पाणी आलं कुठून, अंकलजी, जीव द्यायचाय का? गुरुनाथ काट्यावरून उतरून गुन्हेगारासारखा मान खाली घालून उभा राहिला. वॉर्डातले सगळे बघत होते. रागिणीला ते पाहवेना.

"गलती मेरी है, सिस्टर," ती म्हणाली. "कॉफी में मैंने हिसाब नहीं रखा."

सिस्टर मग तिच्यावर घसरल्या. ती ऐकून घेत राहिली. त्याला आत नेऊन मशीनला जोडलं. डॉक्टर आले, हृदयाची तपासणी दोन दिवसांपूर्वीच झालेली. ते बरं बोलणारे गृहस्थ होते, पण बोलले ते एवढंच, की हृदय आणखी थकलंय, सध्या ऑपरेशनचा विचार सोडून द्या. मी द्यायला तयार आहे, जोखीम घेतो आम्ही, असं ती त्यांच्या मागे दारापर्यंत जाऊन म्हणाली. प्रश्न तुमच्या मूत्रपिंडाचा नाहीच, टेबलावर यांचा निभाव लागणार नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तिच्या अंगात धडधाकट मूत्रपिंड होतं, सही करायला हात होता, आणि यातलं काहीएक कुणाला नको होतं.

ती परत येऊन स्टुलावर बसली. नळीतून त्याचं रक्त मशीनमध्ये जात होतं, धुऊन परत येत होतं. मग तो म्हणाला, "खोटं का बोललीस?"

"काल डबा घेऊन आले होते मी मागे."

त्याने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं तो माफी मागेल, आणि त्याने ती मागू नये म्हणून तिने घाईघाईने सांगून टाकलं, की राहू दे, आता उद्यापासून फेस आणखी घट्ट करीन, कॉफी अजिबातच घालणार नाही खाली.

"नको गं," तो म्हणाला. "तो खाल्ला की तहान भडकते माझी. गोड, चिकट. रात्रभर घसा जळत राहतो. पहिल्या दिवसापासून."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. वाढवलेली साखर, वीतभर उंची, कमी केलेला घोट, सगळं एका मागोमाग एक कळत गेलं. सिस्टरला सांगितलेलं खरंच होतं तर.

"मग बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"कसं बोलणार? एवढी खपत होतीस. मिरजेला फोन करून सांगत होतीस. माझ्यासाठी तुला करता येण्यासारखं तेवढंच एक उरलं होतं. ते कसं काढून घेऊ?"

तिने त्याचा हात धरला. सुया टोचलेला नव्हता तो. त्याचे ओठ पांढरे पडून सुकले होते. त्याने बर्फाचा एक खडा मागितला, नुसता ओठांना लावायला. रागिणी उठली आणि तिने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने मान हलवून नाही म्हटलं, आणि ती पुन्हा स्टुलावर बसली.