आईचा लाभांश

उन्हाळ्याच्या दुपारी कूलर चालू असला की मला अजून हातमाग ऐकू येतो. पंख्याची एक पाती वाकलेली आहे, ती खट् करते, आणि अर्ध्या झोपेत मी महाल भागातल्या आमच्या जुन्या गल्लीत पोचते. बाबा मागावर बसलेले, आई भिंतीला टेकून कांड्यांवर सूत भरते आहे, खोलीभर ओल्या सुताचा वास. मग कुकरची शिट्टी होते आणि मी पुन्हा माझ्या फ्लॅटमध्ये असते, पन्नाशीची, गालावर उशीचे वळ.

बाबा गेले, त्या गल्लीतल्या दोन खोल्या विकल्या आणि आई माझ्याकडे आली, ती एक अट घालून. "लेकीच्या घरचं फुकट खाणार नाही मी. इथं पाणी प्यायचं तरी मोजून प्यावं." आमच्याकडची जुनी माणसं असंच मानतात, आणि माझी आई तर हट्टाला बाबांच्या मागाइतकी जड. दूध आणि भाजी तिच्या पैशांची. दर महिन्याला ती फ्रिजवर नोटा ठेवते, उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी.

त्या नोटांसाठीच खोल्यांचे पैसे मी म्युच्युअल फंडात घातले, महिन्याला लाभांश देणाऱ्या पर्यायात. मुद्दलाला हात लावायचा नाही, फळं तेवढी खायची, असं मी तिला समजावलं. लोकांची आयकर विवरणपत्रं भरून मी पोट भरते, त्यामुळे माझा आवाजही तसाच लागला असणार. तिनं विश्वास ठेवला.

गेल्या वर्षी एका महिन्यात पैसे कमी आले.

"दहावा हिस्सा कोणं नेला वं?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. पूर्वी लाभांशावरचा कर फंडच परस्पर भरायचा. आता लाभांश ज्याच्या हातात पडतो, त्याच्या उत्पन्नात तो मिळवतात आणि त्याच्या उत्पन्नाप्रमाणे कर लावतात. एका फंड कंपनीकडून वर्षाचा लाभांश ठरावीक रकमेच्या वर गेला, की दहा टक्के आधीच कापून घेतात. तुझं उत्पन्न कराएवढं नाही, म्हणून विवरणपत्र भरलं की ते परत मिळतील. आणि साठीच्या पुढच्या, कर न लागणाऱ्या माणसानं दर वर्षी पंधरा-एच नावाचा फॉर्म दिला, तर कापतच नाहीत. तो फॉर्म द्यायला मीच विसरले होते. दिव्याखाली अंधार.

फॉर्मसाठी कागद काढले आणि माझाच चेहरा उतरला. ज्या दिवशी लाभांश वाटला, त्या दिवशी युनिटची किंमत तेवढ्यानंच खाली आलेली, दर महिन्याला. बाजार वर गेला की ती भरून निघत होती, पण पुरती नाही. कागदावर आता नुसतं लाभांश म्हणतही नाहीत, उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलाची परतफेड असं लांबलचक लिहितात. मी ते वाचून पुढं गेले होते. आई फळं म्हणून स्वतःचं झाड थोडंथोडं खात होती आणि झाड मीच लावून दिलं होतं. मला फार लाज वाटली. आठ दिवस मी गप्प राहिले.

मग एका दुपारी, दोघी कूलरसमोर आडव्या असताना, सांगून टाकलं. ती छताकडं बघत होती.

"मंग हे फळ नाही वं," ती म्हणाली. "हा ताणा आहे."

मागाच्या पाठीमागच्या रुळावर उभ्या धाग्यांचा सगळा ताणा गुंडाळलेला असायचा. लुगडं विणून कापलं की रूळ तेवढा बारीक व्हायचा. आई त्यावर तळवा दाबून बाबांना सांगायची, अजून एवढी लुगडी निघतील. तिचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

"किती लुगडी उरली?" तिनं आता विचारलं.

"बाजार बरा चालला तर पुष्कळ. नाहीतर आठ-नऊ वर्षं." मग मी घाईनं म्हटलं, लाभांश सोडून ग्रोथ पर्यायात ठेवू, लागतील तेवढीच युनिटं विकू, म्हणजे कर लागला तरी नफ्यापुरता.

"ताणा तर तोच न?"

"तोच."

"आमच्या घरच्या बाया लवकर मरत नाहीत," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "संपल्यावर मी फ्रिजवर काय ठेवू?"

तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. आणि मला ती दिसली, ताणा संपत आल्यावर मागाखाली बसलेली. बोटांना राख लावून जुन्या धाग्याचं टोक नव्या धाग्याशी पिळायची, एकेक करून, शेकडो. दोन दिवस तेच चालायचं. मग बाबा पुन्हा विणायला बसायचे आणि नवा ताणा कुठं सुरू झाला ते मला सापडायचं नाही.

"तुझा संपत आला की मी माझा जोडीन," मी म्हटलं. "तू जोडत होतीस तसा."

तिनं डोळे मिटले. पाती खट् करत राहिली. मला वाटलं, झोपली.

"जोड," ती म्हणाली. "पण गाठ दिसली नाही पाहिजे."

मग ती उठली आणि दुधाचे पैसे फ्रिजवर बरणीखाली ठेवून आली.